डावीकडचे बारा चौकोन

बिराजदार सर कुठल्याच खोलीत पुरते आत यायचे नाहीत. दारात बसायचे. आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना खुर्च्या होत्या आणि सरांसाठी दाराच्या चौकटीत एक लोखंडी स्टूल होतं. त्या स्टुलावरही ते अर्धेच टेकत, एक पाय आत आणि एक व्हरांड्यात. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांना ओलांडून जावं लागे. मी नांदेडहून बदली होऊन औसा तालुक्यातल्या या शाळेत हजर झाले, त्या दिवशी पर्स, डबा, फाइल असा सगळा पसारा घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले, तरी ते हलले नाहीत. नुसता गुडघा बाजूला घेतला आणि म्हणाले, "या मॅडम. खुर्ची दाराकडची घ्या, कोपऱ्यातली नका घेऊ." पहिल्याच दिवशी कुठे बसायचं हे मला कुणी सांगावं याचा मला राग आला. मी मुद्दाम कोपऱ्यातली खुर्ची घेतली आणि पुढची सहा वर्षं तीच धरून ठेवली.

आणखी एक खोड होती. नव्या खोलीत पाऊल टाकण्याआधी ते बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघत आणि मग छताकडे बघत. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटायचं. गावातल्या माणसाला वाटत नसे, कारण हे गावच भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं होतं. जुनं गाव, दगडी भिंती आणि मातीच्या जड माळवदांचं, तीन किलोमीटरवर, तिथे आता वेड्या बाभळी माजल्या आहेत. नवं गाव सरळ रेषेत, घरांना नंबर घातलेलं. इथली माणसं भूकंप हा शब्द फारसा उच्चारत नाहीत. 'त्या टायमाला' एवढंच म्हणतात आणि समोरच्याला कळतं. त्या टायमाला सर अठरा वर्षांचे होते. घरची सगळी शेतावर मुक्कामाला होती म्हणून वाचली. हे सांगताना ते गुन्हा कबूल केल्यासारखं सांगत आणि लगेच उठून जात.

चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते उत्तम होते आणि सहकारी म्हणून वैताग होते. मीटिंग चालू असताना व्हरांड्यात फेऱ्या मारायचे. बोलता बोलता तुमच्याच वहीच्या मागच्या पानावर तुमचा कान काढून ठेवायचे. मी एकदा म्हटलं, "सर, दोन मिनिटं स्वस्थ बसा की." त्यावर म्हणाले, "हात थांबला की डोकं चालू होतंय मॅडम. आन माझं डोकं लई वंगाळ चालतंय." मी वही सरकवली.

पोरांना त्यांचा एकच नियम होता: "बघून काढा, आठवून न्हाई." पाचवीतलं नवं पोरगं आलं की सवयीनं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी असं काढून आणायचं. सर कागद हातात घेऊन त्याला शाळेच्या फाटकापर्यंत चालवत न्यायचे. "कुठाय रं डोंगर? दाव मला. आपण दोघं जाऊ." समोर सोयाबीनचं सपाट रान. पोरगं हसायचं, मग गप्प व्हायचं, मग हापसा काढायला बसायचं. "आठवण लई लबाड असती," सर म्हणत. "आपल्याला सोसंल तेवढंच दावती." हे ते पोरांना सांगत, पण बघत भलतीकडेच असत.

त्यांच्या शबनममध्ये एक घडी घातलेला मोठा कागद कायम असायचा. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. नांदेडला कुठल्याशा शिबिराला गेले असताना झेरॉक्सच्या दुकानात काढून घेतलेलं ते एका चित्राचं झेरॉक्स होतं. "जगातलं हे एकच मोठं चित्र हाय मॅडम, ज्याचं झेरॉक्सनं कायी बिघडत न्हाई. मूळच काळंपांढरं हाय." ते ग्वेर्निका होतं. मी ते पूर्वी कुठल्या तरी पुस्तकात बघितलं होतं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं नव्हतं. मोडकेतोडके हातपाय, एकाच गालावर दोन डोळे, तोंड वासून किंकाळणारा घोडा. गणिताच्या माणसाला त्यात काही धरायला सापडत नाही.

सर मात्र दरवर्षी आठवीला ते भिंतीवर लावून तास घेत. "स्पेन देशातलं एक गाव. ग्वेर्निका गावाचंच नाव. सोमवार होता, बाजाराचा दिवस. आपल्या औशाच्या बाजारावानी समजा. बाया भाजी घेऊन बसलेल्या, जनावरं आणलेली. आन वरनं इमानं आली." इथे ते थांबत. "त्या गावाकडं तोफा न्हाईत, का कायी न्हाई. बाजार होता म्हणूनच आली. माणसं लई असतेत ना बाजारला." मग चित्रकाराचं सांगत. तो परक्या देशात होता, पेपरात वाचलं आणि ताग्याएवढा कापूस घेऊन चित्र काढायला बसला, असं. मी एकदा दारातून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हटलं, "कापूस नव्हे सर, कॅनव्हास." "तेच ते. कापसाचाच असतोय की," म्हणाले, आणि निघून गेले.

आम्ही सगळे मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या युद्धाच्या क्लिपा बघायला लागलो होतो, त्या दिवसांतली गोष्ट. मधल्या सुट्टीत आठवीची पोरं घोळका करून काहीतरी बघत होती. एक उंच इमारत खाली बसत होती आणि त्यावर कुणीतरी गाण्याचा ठेका लावला होता. पोरं ठेक्यावर मान हलवत होती. "बघा सर, कशी बसली सरळ खाली," एक जण म्हणाला. सरांनी फोन हातात घेतला, आवाज बंद केला आणि ती क्लिप पुन्हा लावली. पुन्हा, पुन्हा, सात-आठ वेळा. पोरं चुळबुळायला लागली. "आत कोन होतं?" सरांनी विचारलं. "छत खाली आलं तवा आतलं माणूस कुठं बसलं आसंल? दारात का कोपऱ्यात?" त्यांचा चेहरा मी प्रथमच तसा बघितला. त्या दिवशी घरी गेल्यावर मी माझ्या मोबाइलमधल्या तशा क्लिपा पुसल्या, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीचा मला पहिल्यांदा अर्थ लागला.

दुसऱ्या दिवशी सर मुख्याध्यापकांच्या दारात उभे. प्रार्थनेच्या मैदानाकडची मोठी भिंत हवी म्हणाले. मुख्याध्यापक भला माणूस, त्यांना फोटो वर पाठवायला काहीतरी हवंच असतं. 'शांततेचा संदेश' असं नाव देऊन त्यांनी परवानगी दिली. आणि सर थेट माझ्याकडे आले. "मॅडम, आता तुमचं काम हाय." चौकोनांनी चित्र मोठं करायची रीत पेंटर लोक वापरतात. छोट्या चित्रावर चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे आणि एकेक चौकोन उतरवत जायचं. झेरॉक्सवर दोन सेंटिमीटरचा चौकोन, भिंतीवर एक फुटाचा. आडवे वीस, उभे नऊ. एकशेऐंशी चौकोन, प्रत्येकाला नंबर. हे मला फार आवडलं. मी दोरी, ओळंबा, खडू घेऊन दोन दिवस राबले. पोरांना एकेक चौकोन वाटून दिला. कुणाला नुसती काळी पट्टी, कुणाला घोड्याचं नाक, कुणाला मोडलेल्या तलवारीशेजारचं फूल. आपण काय काढतोय हे कुणालाच कळत नव्हतं, आणि तरी भिंत भरत होती.

गावकरी बघायला यायचे. बैलापुढे तर गर्दीच. बैलाचं तोंड पुरं झालं त्या दिवशी एक म्हातारे पालक, ज्यांनी जन्मभर देवणी जनावरं सांभाळली, काठी टेकत आले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "बैल रुबाबी हाय मास्तर, पर कानं चुकले. देवणीचे असे खाली लोंबतेत." सर शिडीवरून म्हणाले, "हा तिकडचा हाय मामा." म्हाताऱ्याला पटलं नाही. "तिकडचा आसूद्या, कानं कानासारखी पायजेत की." सर खूप दिवसांनी खळखळून हसले.

पण बैलाच्या खालचे डावीकडचे बारा चौकोन कोरेच राहिले. तिथे एक बाई आहे, मांडीवर मेलेलं मूल, मान मागे टाकून आभाळाकडे तोंड करून ओरडणारी. सरांनी ते चौकोन कुणाला वाटले नव्हते. "ते मी बघतो," म्हणायचे. आठवडा गेला, दोन गेले. रोज ते ब्रश घेऊन त्या कोपऱ्यापाशी जायचे, भिंत वाजवायचे, आणि उजवीकडे जाऊन झालेल्याच चौकोनावर पुन्हा रंग फिरवायचे. एकशेअडुसष्ट चौकोन भरलेले आणि बारा कोरे. मला रात्रीची झोप नीट लागेना. कुणी उत्तर काढून शेवटची पायरी सोडली की मला कसं होतं, ते माझे विद्यार्थी सांगतील.

सर परीक्षेच्या कामाला दोन दिवस लातूरला गेले आणि मी डाव साधला. नववीतल्या चार मुली हाताशी घेतल्या. भिंतीचं काम सुरू झाल्यापासून झेरॉक्स शाळेतच असायचं. दुपारपर्यंत आम्ही बारा चौकोन भरले. सर आल्यावर खूश होतील असं मला अगदी मनापासून वाटत होतं. मी बावळट होते, दुसरं काय.

त्या भिंतीच्या बरोबर समोर खिचडीची शेड आहे. तिथे सुभद्राबाई स्वयंपाक करायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, कमी बोलणाऱ्या, पोरांच्या ताटात बघून वाढणाऱ्या. सहा वर्षं मी त्यांच्या हातची खिचडी खात होते आणि त्यांना मीठ सोडून दुसरं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्या पातेलं घेऊन बाहेर आल्या, भिंतीकडे बघितलं, पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसल्या. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी. शेवटी मीच वाढायला घेतलं. मला वाटलं, ऊन लागलं असेल. मुलींपैकी एक माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मॅडम, त्यांची लेक गेली ना त्या टायमाला."

वाढून झाल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनीच विचारलं, "ही बाई कोन हाय?"

"परदेशातली आहे. लढाईत विमानातून बाँब टाकले, त्याचं चित्र आहे."

"लेकरू गेलंय न्हवं तिचं?"

"हो."

त्यांनी भिंतीवरच्या बाईचं वासलेलं तोंड बघितलं. मग म्हणाल्या, "हिला वरडता तरी आलं." आणि उठून पातेलं घासायला घेतलं. मला तिथे थांबवेना आणि उठवेनाही. इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आले. फाटकातूनच त्यांना भिंत दिसली. मोटारसायकल स्टँडवरही नीट लावली नाही, ती कलंडली. "कुणी भरले हे?"

"मी."

"तुमचं गणित बरोबर हाय मॅडम," ते हळू म्हणाले, "पण विचारायचं तरी." त्यांनी पांढऱ्या रंगाचा डबा उघडला, मोठा ब्रश बुडवला. तोवर सुभद्राबाई शेडमधून बाहेर आल्या होत्या. हात तांदळाच्या पाण्याने ओले.

"राहू द्या ते," त्या म्हणाल्या.

"पाच मिनिटाचं काम हाय वहिनी. पुसून टाकतो. तुम्हाला रोज समोर ते…"

"मॅडमनी सांगितलं मला. इमानातनं बाँब टाकले म्हनं. खरं हाय का?"

"हाव."

"म्हंजी कुणीतरी मुद्दाम केलं."

"हाव वहिनी. मुद्दाम. बाजाराचा दिस बघून."

सुभद्राबाईंनी पदराला हात पुसले. "माझ्या टायमाला कुणावर वरडावं तेच कळालं न्हाई. जिमिनीवर वरडावं का माळवदावर? मग आवाजच निघंना. हिचं तसं न्हाई. कुणी केलं ते हिला ठाव हाय. हिला वरडू द्या."

सरांच्या ब्रशातून रंग गळून त्यांच्या चपलेवर पडत होता. त्यांनी ब्रश डब्यात ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग जे बोलले ते माझ्याकडे पाठ करून बोलले. त्या टायमाला ते शेतावरून धावत गावात आले होते. ढिगाऱ्यापाशी सुभद्रावहिनी मांडीवर आपल्या लेकीला, संगीला, घेऊन बसल्या होत्या. सगळे दगड उपसत होते. सरांना दगड उचलवेना. पडलेल्या शाळेतून हजेरीचं रजिस्टर बाहेर पडलं होतं आणि पेन्सिल. ते समोर बसले आणि काढायला लागले. का काढलं ते त्यांना आजही माहीत नव्हतं. पुढे मदतीला आलेल्या कुणीतरी तो कागद बघितला आणि लातूरच्या एका प्रदर्शनात लावला. पहिलं बक्षीस मिळालं. त्याच्या जोरावर चित्रकलेच्या कोर्सला प्रवेश मिळाला, आणि मग ही नोकरी.

"तुमच्या लेकरावर मला नोकरी लागली वहिनी," सर म्हणाले. "तीस वर्षं सांगायचं सांगायचं म्हणतो. तुमच्या पुढनं जातो आन सांगत न्हाई."

मी सुभद्राबाईंकडे बघायचं टाळलं. त्या शिव्या देतील, रडतील, असं काहीतरी होईल याची वाट बघत राहिले. त्यांनी विचारलं, "तिचं तोंड आलंय का त्यात?"

सरांना प्रश्न कळला नाही.

"संगीचं तोंड. आलंय का?"

"हाव. समदं आलंय."

"माझ्याकडं तिचा फोटू न्हाई. होता त्यो घरातच गेला." त्या एकदम भराभर बोलायला लागल्या. "ध्यानात बी राहिलं न्हाई आता. डोळं मिटलं की पिवळा फराक दिसतोय नुसता, वर तोंडच न्हाई. जत्रंत पोरी बघते मी, कुणाचं नाक बघते, कुणाची हनुवटी. जुळवाया जाते, जुळत न्हाई. तुमच्याकडं हाय का ते चित्र? का दिऊन टाकलं?"

सर मोटारसायकलकडे गेले. ती उचलली आणि औशातल्या आपल्या घराच्या दिशेने निघून गेले. अर्धा तास गेला, तास गेला. औसा काही इतकं लांब नाही. मला वाटलं, हा माणूस आता परत येत नाही. सुभद्राबाईंनी खिचडी शिजवली, वाढली, पातेलं घासलं, पुन्हा घासलं. दुपारची शाळा सुटायच्या बेताला सर परतले. छातीशी शर्टाच्या आत पुठ्ठ्याची गुंडाळी होती.

सुभद्राबाई म्हणाल्या, "हितं नगं, घरी." मीही मागोमाग गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी नको म्हटलं नाही. घरात सुभद्राबाईंनी चटईवर कागद पसरला. पिवळा पडलेला, रेघांचा कागद, वर कुणाच्या तरी हजेरीचे रकाने छापलेले. त्यावर एक तरुण बाई खाली बघत बसलेली. मांडीवर तीनेक वर्षांची मुलगी. सुभद्राबाईंनी चित्रातल्या स्वतःकडे बघितलंसुद्धा नाही. एक बोट मुलीच्या चेहऱ्याच्या वीतभर वरून, कागदाला न लावता, त्या फिरवत राहिल्या. "नाक हेच. हेच हाय. कान टोचल्याले बी आलेत की. आठच दिस झाले होते टोचून." मग म्हणाल्या, "डोळं मिटल्यात."

"हाव," सर दारातून म्हणाले.

"उघडून द्या की."

"जुन्याला मी हात लावणार न्हाई वहिनी. नवं काढून देतो. पण तिचे उघडे डोळे मी कवा नीट बघितले न्हाईत. आन आठवून मला येत न्हाई."

"माझ्यावानीच होते," सुभद्राबाई म्हणाल्या. "समदे म्हणायचे, डोळे आईचे घेतलेत."

सर उंबऱ्यात थोडा वेळ उभे राहिले. मग चपला काढल्या आणि आत आले. भिंत वाजवली नाही, वर बघितलं नाही. थेट चटईवर सुभद्राबाईंच्या समोर, मागच्या भिंतीला पाठ लावून बसले आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्या कागदावर पेन्सिल टेकवली. दारातली जागा रिकामी झाली म्हणून तिथे मी बसले. सरांचा गुडघा सारखा हलत होता, पण हात स्थिर होता. मध्येच रस्त्यावरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला आणि खिडकीचं दार थरथरलं. दोघांनीही एकदम छताकडे बघितलं. ट्रॅक्टर गेला तशी सरांची नजर खाली आली, पुन्हा त्यांच्या डोळ्यांवर. सुभद्राबाईंनी त्या तासाभरात पापणी तरी किती वेळा लववली असेल, कुणास ठाऊक.

परत येताना सर माझ्यापुढे चार पावलं, नेहमीसारखे भरभर चालत होते. फाटकापाशी थांबले. भिंतीवरची बाई ओरडत होती. "एका लेकराचे डोळे उघडायला तास लागला मॅडम," ते म्हणाले. "आन तीस वर्षं वर. तिकडं ते मिटायला बटणच दाबतेत." दुसऱ्या दिवसापासून मी कोपऱ्यातली खुर्ची सोडली, आणि त्यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

सर मागच्या वर्षी गेले. सकाळी, स्टाफरूमच्या दारात, त्याच स्टुलावर. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. त्यांच्यात पुरायची रीत; औशाला मातीला सगळं गाव लोटलं होतं. बायका मागे झाडाखाली उभ्या होत्या, त्यात मी आणि सुभद्राबाई. लोक मूठमूठ माती टाकायला लागले तेव्हा सुभद्राबाई गर्दीतून पुढे झाल्या. मला वाटलं, त्याही माती टाकतील. त्यांनी मान मागे टाकली, तोंड वर केलं आणि ओरडल्या. मी त्यांचा मोठा आवाज कधीच ऐकला नव्हता, गावातही कुणी ऐकला नव्हता. त्या एकच नाव पुन्हा पुन्हा घेत होत्या. ते सरांचं नव्हतं, संगीचं होतं. त्यांना कुणीही थांबवलं नाही.